लातूरहून कोकण किनाऱ्यावर, मुक्काम गाडीतच: या चुका टाळा

दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, हरभऱ्याची पेरणी उरकली आणि तूर निघायला अजून अवकाश आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा हा काळ लातूर, अंबाजोगाई, उदगीर, परभणीकडच्या जोडप्यांना कोकणात जायला सगळ्यात सोयीचा. अलीकडे बरेच जण लॉज न करता जुन्या ओम्नीत किंवा ईकोत गादी टाकतात, शेगडी आणि पाण्याचे कॅन घेतात आणि निघतात. रत्नागिरी–नागपूर महामार्ग आपल्या दारातूनच जातो. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे आंबा घाट उतरला की रत्नागिरी. लातूरपासून अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात.

निघण्याआधी आमच्याकडे चौकशीला येणारे गाडीबद्दल विचारतात: इंजिन, टायर, मायलेज. परत आल्यावर मात्र बहुतेकांची तक्रार झोपेची असते. इंजिन बिघडून अर्ध्यातून परतलेलं जोडपं मी क्वचितच पाहिलं. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून एकमेकांवर चिडचिड करत परतलेली मात्र बरीच पाहिली. म्हणून हातात पैसे मोजकेच असतील तर ते आधी रात्रीच्या सोयीवर घाला. आणि एक गोष्ट मनात पक्की करा: पठारावर जन्म गेला म्हणून आलेलं आपलं शहाणपण किनाऱ्यावर जसंच्या तसं चालत नाही. खाली ज्या चुका सांगते आहे त्यातल्या बहुतेक तिथूनच निघतात.

"आम्हाला ४२ अंशांची सवय आहे"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता निघायच्या आधीच त्यावर बोलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो हे खरं. पण दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली आलेली असते. घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. रात्री गच्चीवर पडलं तर पहाटे वाकळ ओढावी लागते. किनाऱ्यावर पारा ३१-३२ वरच असतो, पण हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम येतो आणि अंगावरच राहतो. रात्रीही फारसा फरक पडत नाही. अशा हवेत पत्र्याच्या बंद गाडीत दोन माणसं झोपली तर उकाडा तर होतोच, शिवाय दोघांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटर तरी पाणी बाहेर पडतं. पहाटे ते काचेवरून, छताच्या पत्र्यावरून ओघळताना दिसतं.

यावर आपल्याकडचा माणूस पहिला उपाय काढतो तो कूलरचा. उदगीरच्या एका ओळखीच्या जोडप्याने छोटा बारा व्होल्टचा कूलर खास करून घेतला होता. कूलर चालतो तो कोरड्या हवेच्या जिवावर. हवेने पाणी प्यायलं की ती थंड होते. कोकणातली हवा पाणी पीत नाही, त्यामुळे कूलर फक्त ओल वाढवतो. त्यांची उशी सकाळी पिळता येईल अशी झाली होती. कूलर घरीच ठेवा.

उपाय स्वस्त आहे, फक्त तो आधी करावा लागतो. गाडीच्या दोन समोरासमोरच्या खिडक्या रात्रभर उघड्या राहतील अशी व्यवस्था करा. दाराच्या मापाची नायलॉनची मच्छरदाणी शिवून घ्या. वरून मोज्यासारखी दारावर चढवायची आणि दार लावायचं. आपल्या गावातला कोणताही टेलर तासाभरात शिवून देतो. एका खिडकीशी हवा आत ओढणारा बारा व्होल्टचा पंखा आणि दुसऱ्या खिडकीशी बाहेर फेकणारा. दोन्ही पंखे तोंडावर लावण्याची चूक करू नका. आतलीच दमट हवा फिरत राहते. गाडी उभी करताना रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा खिडकीत शिरेल अशी आडवी लावा. एवढं केलं तर डिसेंबरात रात्री नीट झोप लागते. मार्चनंतर हे पुरत नाही, म्हणून बजेटवाल्यांनी मार्च ते मे या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात तर घाटात दरडी येतात आणि समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे तोही काळ सोडून द्या.

अंथरुणाचंही तसंच. कापसाची गादी ओल धरते आणि कोकणात ती वाळता वाळत नाही. चौथ्या दिवशी गादी उलटून पाहिली तर खालच्या अंगाला काळे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. फोमची चार इंची गादी घ्या, तिच्याखाली सलग प्लाय न घालता मधे फटी ठेवून पट्ट्या मारा, वर पातळ वाकळ टाका. वाकळ दुपारच्या उन्हात गाडीच्या टपावर टाकली की तासात वाळते. सुताराला स्वस्तातला साधा प्लाय वापरू देऊ नका, तो दमट हवेत फुगतो. ७१० मार्कचा, पाणी सोसणारा प्लाय थोडा महाग पडतो, पण टिकतो.

रात्री एसी लावून, इंजिन चालू ठेवून झोपणं हा उकाड्यावरचा सगळ्यात घातक उपाय. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. कितीही गरम होत असलं तरी इंजिन बंदच हवं.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पलंगाखाली

लोडशेडिंगमुळे आपल्याकडे घरोघरी मोठी ट्यूब्युलर बॅटरी आहे. पैसे वाचवायला लोक तीच उचलतात आणि गाडीत पलंगाखाली बंद खोक्यात ठेवतात. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो पेट घेणारा वायू आहे. आणि आंबा घाटाच्या वळणांवर ती कलली तर ॲसिड सांडतं. झोपायच्या जागेखाली ही वस्तू नकोच. पूर्ण बंद असलेली जेल बॅटरी किंवा परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या, ती पक्की बांधा आणि तिच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज लावा.

केवढी बॅटरी लागेल याचा हिशोब सोपा आहे. दोन पंखे मिळून तीन ॲम्पिअर ओढतात असं धरा. आठ तासांचे चोवीस ॲम्पिअर-तास. दिवा, दोन मोबाईल धरून तीस. शंभर ॲम्पिअर-तासाची शिसे-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी पन्नास. एक रात्र आरामात निघते, दुसरी निघत नाही. दिवसा दोन-तीन तास गाडी चालणार असेल तर अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) रिलेने, म्हणजे आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचने, ती भरून घेता येते. एकाच जागी मुक्काम असेल तर शंभर वॅटचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण तेवढीच वीज परत देतं. इंडक्शन शेगडी मात्र विसरा. पंधराशे वॅटची शेगडी बारा व्होल्टवर सव्वाशे ॲम्पिअरच्या वर ओढते. असली वायरिंग बजेटमध्ये बसत नाही.

पंखा थेट गाडीच्या स्टार्टिंग बॅटरीवर लावला तर सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक ऐकू येते. जंपर केबल जवळ ठेवा. आधी धन टोकाला धन टोक जोडायचं, मग मदतीच्या गाडीचं ऋण टोक आणि शेवटची पकड आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडी भागावर लावायची, बॅटरीवर नाही.

पंचांग घरी ठेवून समुद्रावर जाणं

शेतीवाल्या घरात तिथी कुणाला विचारावी लागत नाही. पण समुद्राचं सगळं वेळापत्रक त्याच तिथीवर चालतं हे फार थोड्यांना माहीत असतं. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ अशी काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसाही आणि रात्रीही. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज पक्का मिळतो. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. रत्नागिरीकडून उत्तरेला रायगडकडे जावं तसा हा चढउतार वाढत जातो.

आता चूक अशी होते. संध्याकाळी सहाला पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, कडेला सपाट, घट्ट जागा दिसते, समोर समुद्र, मावळतीचा उजेड. गाडी तिथेच लावून जेवण करून झोपतात. त्या दिवशी पौर्णिमा असेल तर सहाला ओहोटी होती आणि मध्यरात्री पाणी चाकापाशी येतं. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, काटक्यांची, प्लास्टिकची एक वेडीवाकडी ओळ दिसते. कालची भरती कुठवर आली होती ते ती ओळ सांगते. गाडी त्या ओळीच्या कितीतरी वर, कठीण जमिनीवर हवी.

आणि पुळणीवर गाडी घालूच नका. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई आहे आणि पोलीस कारवाई करतात, पण ते बाजूला ठेवलं तरी. आपल्या काळ्या रानात ओल असली की गाडी रुतते आणि माती वाळली की चालते. ही समज हाडात असते. वाळूचं उलटं आहे. कोरडी, भुसभुशीत वाळूच चाक गिळते. ओली वाळू टणक वाटते म्हणून पुढे जावं तर पाणी जवळ. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की चाक खड्डा करतं आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर बसते.

रुतलीच तर पहिलं काम भरतीची वेळ काढणं. वेळ हाताशी असेल तर आतलं सामान उतरवा; पाण्याचे दोन कॅनच चाळीस किलो असतात. चाकांपुढची वाळू हाताने उकरून उतार करा, चारही टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा आणि ओढणाऱ्या चाकांखाली पायपुसणी किंवा गोणपाट दाबून बसवा. ईको, ओम्नीला मागची चाकं ओढतात, म्हणून गोणपाट मागे. बऱ्याच छोट्या मोटारींना पुढची. मग क्लच हलका सोडत, चाक न फिरवता बाहेर काढा. बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत जोरात चालवू नका. भरती चढत असेल तर हे प्रयोग करू नका. धावत जाऊन गावात ट्रॅक्टर शोधा आणि मागतील ते पैसे द्या.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री हेडलाइट समुद्राकडे टाकून गाडी उभी करणं म्हणजे त्या माद्यांना परत पाण्यात लोटणं. कृपा करून तेवढं टाळा.

पोहण्याबद्दल एकच सांगते. विहिरीत सूर मारणारा माणूस समुद्रात पोहणारा असतोच असं नाही. विहिरीचं पाणी ओढत नाही. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या कॉलेजचे चौदा विद्यार्थी बुडाले. गणपतीपुळ्यालाही दर्शनानंतर पाण्यात उतरलेले कितीतरी लोक ओढले गेले आहेत. तिथे धोक्याचे फलक उगीच लावलेले नाहीत. ओहोटीत गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाजूला व्हा आणि मग बाहेर या.

किलोमीटर पाहून वेळ ठरवणं

सोलापूरपर्यंत तासाला सत्तर किलोमीटर कापणारा माणूस कोकणात तोच हिशोब धरतो. सागरी रस्त्यावर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी चांगले. वळणं, चढउतार, गावातून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि समोरून एसटी. मोबाईलचा नकाशा जवळची वाट म्हणून कधी अशा बोळात घालतो जिथे पुढे पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्याच सुरू होतात. दिवसाला ऐंशी किलोमीटरच्या वर किनारी प्रवास ठेवू नका.

खाड्यांवर फेरीबोट असते: जयगड–तवसाळ, दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, दिघी–आगरदांडा. गाडीसकट वीस मिनिटांत, अर्ध्या तासात पलीकडे. शेवटची बोट चुकली तर दाभोळहून गुहागरला दापोली, खेड, चिपळूण असा केवढा तरी वळसा पडतो. म्हणून धक्क्यावर दुपारीच पोचा आणि वेळ तिथल्या माणसाकडून विचारून घ्या. बोटीवर गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवा, आणि खाली उतरून उभे राहा.

घाटाबद्दल आपल्याकडच्या चालकांना सांगावंच लागतं, कारण लातूर-परभणीत असा उतार रोज भेटत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणं ही जिवावर बेतणारी सवय आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा थोडा दाबा आणि सोडा. भरलेल्या व्हॅनचे ब्रेक तापले की जळका वास येतो आणि पायाला पेडल मऊ लागतं. तेव्हा बाजूला घ्या, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला घाट चढायला बऱ्याचदा पेट्रोलवर घ्यावं लागतं, शिवाय तिची टाकी मागची झोपायची जागाच खाते.

याहून मोठा धोका घाटाच्या अलीकडे असतो. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर विनादिव्याचे, विनारिफ्लेक्टरचे चालत असतात, कधी पंक्चर होऊन रस्त्यातच उभे असतात. आपल्याच भागातली माणसं ते चालवत असतात, त्यांचा दोष काढायला हे लिहीत नाही. पण रात्रीत अंतर कापू आणि सकाळी समुद्र पाहू हा बेत सोडा. पहिला मुक्काम कोल्हापूरच्या आसपास ठेवा आणि आंबा घाट सकाळच्या उजेडात उतरा.

कुठेही गाडी लावून झोपणं

कोकणात गाडीतल्या मुक्कामासाठी तयार जागा जवळपास नाहीतच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण मोजक्या पैशांतल्या जोडप्याला उपयोगी पडतं ते घरगुती खानावळीचं किंवा होमस्टेचं अंगण. संध्याकाळी पाचच्या आत गावात पोचा आणि सरळ विचारा: "काकू, रात्री आवारात गाडी लावली तर चालेल का? जेवण तुमच्याकडेच करतो, सकाळी बाथरूम वापरू द्या, काय द्यायचं ते सांगा." दोघं बरोबर जाऊन विचारा. मागे बाई दिसली की समोरच्या घरातली बाई बाहेर येते आणि काम होतं. दोनशे-तीनशे रुपये आणि दोन थाळ्यांत सुरक्षित जागा, स्वच्छ संडास आणि आंघोळीचं पाणी मिळतं. अंधार पडल्यावर अनोळखी गाडी वाडीत फिरू लागली की लोक साहजिकच संशयाने पाहतात. दोघांची आधार कार्डं हाताशी ठेवा.

संडासाचा प्रश्न बायकांना जास्त छळतो आणि बेत ठरवताना त्यावर कुणी बोलत नाही. रात्री पाणी कमी पिऊन दिवस काढणाऱ्या बायका तिसऱ्या दिवशी लघवीच्या जळजळीने आजारी पडतात. दमट उष्म्यात पाणी जास्तच लागतं. झाकणाचं छोटं पोर्टेबल कमोड किंवा घट्ट झाकणाची बादली गाडीत असू द्या, पडद्याची सोय करा. समुद्रावर किंवा कुणाच्या बागेत जाऊ नका.

जागा निवडताना वर पाहा. माडाखाली गाडी लावू नये. एका अंगणात गाडी वळवताच घरमालक लगबगीने येऊन म्हणाले होते, "काका, माडाखाली नको हां, नारळ कुणाला सांगून पडत नाही." नुसती वाळलेली झावळी पडली तरी काच फुटते. मासळीच्या धक्क्यावरही मुक्काम नको. बोटी लागल्या की टेम्पो, बर्फाचे ट्रक आणि माणसांची गर्दी होते, आणि आपण त्यांच्या कामात आडवे येतो. तिथला बर्फ मासळीसाठी असतो. तो प्यायच्या पाण्यात टाकू नका.

पाणी वापरताना आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते आपण पाहिलं आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणातही उन्हाळ्यात वाड्यावाड्यांत टंचाई असते. हिरवं दिसतं म्हणून कुणाच्या विहिरीवर गाडी धुवायला काढू नका.

गॅस, कागदपत्रं आणि पैसे

घरचा मोठा सिलेंडर गाडीत नकोच, पाच किलोचा छोटा घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो. वास आला की दिवा-पंखा काही चालू-बंद न करता आधी सगळी दारं उघडा. स्वयंपाक बाहेर करा. दुपारी गाडी उन्हात उभी करून फिरायला जाताना सिलेंडर आत कोंडू नका.

गाडीचा मूळ ढाचा बदलायला, छत कापायला, आसनं कायमची काढायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरटीओची परवानगी नसेल तर पोलिसांचा दंड होतोच, अपघातात विमाही अडतो. उचलून बाहेर काढता येतील असे दोन खोके आणि वर फळ्या, म्हणजे सामानच, असं काम करा. भाड्याने घेत असाल तर नंबर प्लेट पाहा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याची असते. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेतली तर अडचणीत दोघंही येतात.

पैशाचा हिशोब घरीच मांडा. जाऊन-येऊन हजार आणि किनाऱ्यावर चारशे, असे चौदाशे किलोमीटर. चौदाचं मायलेज धरलं तर शंभर लिटर पेट्रोल, म्हणजे दहा हजारांच्या वर. सात-आठ रात्रींचं लॉजचं भाडं त्याच घरात जातं. म्हणजे व्हॅनने लॉज वाचतो, पेट्रोल वाचत नाही, आणि खोके-गादी-बॅटरीचे पंचवीस-तीस हजार एका फेरीत फिटत नाहीत. दरवर्षी जाणार असाल तरच हा खर्च करा. एकदाच जायचं असेल तर एसटीने जाऊन होमस्टेत राहणं स्वस्त पडेल, हे मी स्पष्टपणे सांगते. आणि गाडी घेऊन गेलातच तर गावं कमी करा. रत्नागिरी, गणपतीपुळे, तवसाळ, गुहागर एवढं आठवडाभर पुरतं. अलिबाग ते वेंगुर्ला एका दमात करणाऱ्यांचे पैसे टाकीतच जातात. नाताळ ते एक जानेवारी किनाऱ्याकडे फिरकू नका. रोख रक्कम जवळ ठेवा. खाडीकाठच्या गावांत रेंज गेली की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.

खाण्यात आपली धपाटी घरी तीन-चार दिवस टिकतात, तिथे दुसऱ्या संध्याकाळी ओशट वास येतो. ज्वारीचं पीठ, मीठ, पापड, काड्यापेटीसुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यात. सादळलेली काडी घासली की गुल सोलून निघतं. गॅसचा लायटर घ्या. शेंगदाण्याची चटणी मात्र उत्तम टिकते.

एकच चालक

आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत गाडी नवरा चालवतो, रस्ता नवरा ठरवतो आणि बायको मागचं सामान सांभाळते. व्हॅनच्या प्रवासात ही वाटणी चौथ्या दिवशी मोडते. दिवसभर वळणं घेऊन थकलेला माणूस संध्याकाळी जागा शोधताना चिडतो, आणि दिवसभर हलत्या गाडीत बसलेली बाई लगेच स्वयंपाकाला लागते. निघायच्या महिनाभर आधी दोघांनीही ती गाडी, भरलेल्या वजनासकट, औसा रोडवर का होईना चालवून पाहा. पहिली एक रात्र गावातल्याच शेतात गाडीत झोपून काढा; पडदा कुठे अपुरा पडतो, रात्री उठून जाताना कुणाच्या पायावर पाय पडतो ते तिथेच कळतं. रोज संध्याकाळी एकाने अंथरूण आणि मच्छरदाणी, दुसऱ्याने शेगडी आणि पाणी, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. आणि तीन रात्रींनंतर एक रात्र खोली घ्या. अंग धुवा, कपडे वाळवा, पाय पसरून झोपा. ते हजार-दीड हजार रुपये उधळपट्टी समजू नका, ते आधीच बाजूला काढून ठेवा.

परतल्यावर

खारी हवा गाडीत शिरलेली असते. तिथे असतानाच सकाळी ब्रेक डिस्कवर गंजाचा पातळ थर दिसतो, पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. त्याला घाबरायचं कारण नाही. रात्री मात्र हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत ड्रम चिकटतो. गिअर आणि चाकाला दगड पुरे. काचेवर मिठाचा थर बसतो आणि समोरच्या दिव्यांनी रात्री काही दिसत नाही, तो गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. कोरडं वायपर फिरवलं तर काच ओरखडते. घरी आल्यावर लगेच, त्याच आठवड्यात, सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्या. बॅटरीची टोकं साफ करून त्यांना पेट्रोलियम जेली लावा. फळ्या, खोके, गादी सगळं बाहेर काढून दोन दिवस उन्हात ठेवा आणि पायाखालची मॅट उचलून पाहा. तिच्याखाली ओली वाळू राहिली असेल तर तिथूनच पत्रा सडायला लागतो.